'तुम्ही हिंदू की मराठी?' : मॉरिशस आणि हरलेल्यांसाठी राखलेल्या आठ खुर्च्या

खाडीपलीकडे

कामानिमित्त दोन वर्षं मॉरिशसला होतो. क्वात्र बोर्नला भाड्याने जागा बघायला गेलो तेव्हा घरमालकीणबाईंनी चहा ओतता ओतता विचारलं, "तुम्ही हिंदू की मराठी?" मी म्हटलं, दोन्ही. त्यांनी असं पाहिलं की मी प्रश्नच नीट ऐकला नसावा.

नंतर कळलं. तिथे बोलण्यात 'हिंदू' म्हणजे ज्यांचे पूर्वज बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशातून भोजपुरी बोलत आले ते. तमिळ, तेलुगू, मराठी ही निराळी माणसं. बाई स्वतः तेलुगू, त्यामुळे त्यांच्या दृष्टीने मी शेजारच्या घरातला. पण राज्यघटना उघडली की चारच खण: हिंदू, मुस्लिम, चिनी-मॉरिशियन आणि 'जनरल पॉप्युलेशन'. या चौथ्याची व्याख्या वाचून मी थक्क झालो. ज्याच्या राहणीवरून तो पहिल्या तिघांपैकी कुणातला वाटत नाही, तो जनरल पॉप्युलेशन! म्हणजे आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्यांचे वंशज आणि त्यांना विकत घेणाऱ्या फ्रेंच मळेवाल्यांचे वंशज एकाच खणात.

आणि हे नुसतं कागदावर नाही. निवडणुकीला उभं राहायचं तर अर्जात आपला खण लिहावा लागतो. बेटावर २० मतदारसंघ, प्रत्येकात ३ जागा, वर रॉड्रिग्स बेटाच्या २, मिळून ६२. निकाल लागला की हरलेल्यांमधून जास्तीत जास्त ८ जण सभागृहात घेतात. कुठल्या खणाला लोकसंख्येच्या मानाने जागा कमी पडल्या ते बघून. याला 'बेस्ट लूझर' म्हणतात. पडलेल्या उमेदवाराचे कार्यकर्ते निकालाच्या रात्री कागद-पेन्सिल घेऊन भागाकार करत बसतात.

खरी गंमत पुढे आहे. भागाकाराला लोकसंख्या लागते, आणि जनगणनेत समाज विचारणं १९८२ साली बंद झालं. त्यामुळे आजही १९७२ चे आकडे चालतात.

आता माझा प्रश्न. जेम्स मीड (पुढे १९७७ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले) यांनी १९६१ च्या सुमारास या बेटाचं भविष्य काळंकुट्ट रंगवलं होतं. एकटा ऊस, वाढती लोकसंख्या, एकमेकांवर विश्वास नसलेले समाज. १९६७ च्या निवडणुकीत तर ४४ टक्के मतं स्वातंत्र्याला विरोध करणाऱ्या बाजूला पडली. क्रिओल (मुख्यतः गुलामांचे वंशज) आणि इतर अल्पसंख्य समाजांतल्या बऱ्याच जणांना भीती एकच, इंग्रज गेला की हिंदूंचं राज्य येणार. १२ मार्च १९६८ ला झेंडा चढण्याच्या दोन महिने आधी राजधानी पोर्ट लुईत दंगल पेटली आणि ब्रिटिश सैन्य बोलवावं लागलं. असा देश मोडायला हवा होता. फिजी मोडला, गयानात अठ्ठावीस वर्षं एकाच पक्षाने खुर्ची सोडली नाही. तिन्हीकडे ऊस, तिन्हीकडे आपले गिरमिटिये, म्हणजे करारावर नेलेले मजूर, तिन्हीकडे तोच साहेब. मग हेच बेट का टिकलं? या आठ खुर्च्यांमुळे?

माझं मत आधीच सांगतो: खुर्च्यांमुळे नाही. पण ते नंतर.

तिरकस_रेघ

धागा वाचतोय. पण यात जगावेगळं काय आहे? आपल्याकडेही राखीव मतदारसंघ आहेतच की. आणि ५० वर्षं जुने आकडे म्हणाल तर आपल्याही लोकसभेच्या राज्यवार जागा १९७१ च्या जनगणनेवर गोठवल्या होत्या. आपण कुणाला हसतोय?

आकडेमोड

रेघराव, आकडे गोठवण्याबद्दल मान्य. पण राखीव मतदारसंघाशी तुलना बसत नाही. तिथे उमेदवार कोण असावा हे आधी ठरतं, मतं सगळ्यांची मिळवावी लागतात आणि जिंकावंही लागतं. इथे आधी सगळे सगळ्यांविरुद्ध लढतात, मग निकालाला ठिगळ लावलं जातं.

ठिगळ कसं लावतात ते एका काल्पनिक उदाहरणाने दाखवतो. १९७२ चे आकडे ढोबळ धरा: हिंदू ४,२८,०००, जनरल २,३७,०००, मुस्लिम १,३७,०००, चिनी २४,०००. समजा ६२ पैकी हिंदू ४१, जनरल १६, मुस्लिम ५, चिनी शून्य निवडून आले. आता प्रत्येकाच्या लोकसंख्येला 'मिळालेल्या जागा अधिक एक' या संख्येने भागा. हिंदू साधारण १०,२००. जनरल १३,९००. मुस्लिम २२,८००. चिनी २४,०००. ज्याचा भागाकार मोठा त्याला खुर्ची. पहिली खुर्ची पडलेल्या चिनी उमेदवारांतल्या सर्वात जास्त टक्के मतं घेतलेल्याला. की चिनी लगेच १२,००० वर येतात आणि पुढची खुर्ची मुस्लिम उमेदवाराला.

पहिल्या चार खुर्च्या अशा, पक्ष न बघता. पुढच्या चार देताना पहिल्या चारांमुळे सगळ्यात यशस्वी पक्षाचं पारडं हलकं होऊ नये हेही पाहतात. म्हणजे 'अल्पसंख्याकांना जागा मिळाल्या, पण सत्ता उलटली' असं होत नाही. आखणाऱ्याने डोकं वापरलंय हे कबूल करायला हवं. १९६६ च्या बॅनवेल आयोगाच्या शिफारशी आणि त्यावर लंडन-पोर्ट लुई अशी ओढाताण होऊन हे रूप ठरलं.

लेगबाय

गयानाचा उल्लेख आला म्हणून. आमच्या पिढीला गयाना म्हणजे बोर्डा हे क्रिकेटचं मैदान आणि फलंदाज चंदरपॉल, पण निवडणुकीचा इतिहास ऐकाल तर तोंडात बोट घालाल.

छेदी जगन यांचा पक्ष मुख्यतः भारतीय वंशाच्या लोकांचा, फोर्ब्स बर्नहॅम यांचा आफ्रिकी वंशाच्या. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला दोघे एकाच पक्षात होते, हे विशेष. १९५३ ला तो पक्ष जिंकला आणि १३३ दिवसांत ब्रिटिशांनी सरकार बरखास्त केलं, कारण जगन डावे. पुढे दोघे फुटले. १९६१ ला जगन यांना ३५ पैकी २० जागा मिळाल्या, मतं मात्र बर्नहॅमपेक्षा जेमतेम जास्त. मग अमेरिकेच्या दबावाखाली ब्रिटनने निवडणुकीची पद्धतच बदलली आणि मतांच्या प्रमाणात जागा द्यायचं ठरवलं. १९६४ ला जगन सगळ्यात मोठा पक्ष, तरी ५३ पैकी २४ वर अडकले. बर्नहॅम २२ आणि एक छोटा पक्ष ७ असे मिळून सत्तेवर आले. १९६६ ला स्वातंत्र्य, आणि त्यानंतर १९६८ पासून एकामागून एक निवडणुका चोरलेल्या. थेट १९९२ ला, बाहेरच्या निरीक्षकांच्या देखत, जगन परत आले.

म्हणजे बघा, पुस्तकात सगळ्यात न्याय्य म्हणून शिकवतात ती प्रमाणशीर पद्धत, आणि तिच्याच शिडीवरून हुकूमशहा वर चढला. २०२० मध्येही मतदान २ मार्चला आणि नव्या अध्यक्षांचा शपथविधी २ ऑगस्टला. पाच महिने मोजणीच!

किवी_काका

ऑकलंडला राहतो. इथे फिजीहून आलेले भारतीय ढिगाने आहेत. माझ्या ऑफिसातला एक जण १९८७ नंतर आई-वडिलांबरोबर आला. त्यामुळे फिजीबद्दल चार शब्द.

फिजीत तर घटनाच खणांवर बेतलेली होती. १९७० च्या घटनेत ५२ जागा: २२ मूळ फिजियन म्हणजे इतौकेई, २२ भारतीय, ८ इतर. कागदावर याहून समतोल काय असणार? १९८७ च्या एप्रिलमध्ये डॉ. तिमोसी बावाद्रा यांची आघाडी जिंकली. बावाद्रा स्वतः इतौकेई, पण आघाडीला मतं मुख्यतः भारतीयांची. महिना-सव्वा महिन्यात, १४ मे ला, लेफ्टनंट कर्नल राबुका सैनिक घेऊन संसदेत शिरले. खेळ खलास. १९९० च्या घटनेने पंतप्रधानपद इतौकेईंसाठी राखून ठेवलं.

मग १९९७ ला पुन्हा नवी घटना, खूप अभ्यास करून. पसंतीक्रमाचं मतदान आणलं, म्हणजे दुसऱ्या समाजाची दुसरी पसंती मिळवायला पक्ष मवाळ होतील. कल्पना उत्तम. १९९९ ला महेंद्र चौधरी ७१ पैकी ३७ जागा घेऊन पहिले भारतीय वंशाचे पंतप्रधान झाले. १९ मे २००० ला जॉर्ज स्पेटने त्यांना संसदेतच ओलीस धरलं. ५६ दिवस! २००६ ला लष्करप्रमुख बैनीमारामांनी आणखी एक उठाव केला, आणि २०१३ ला त्यांच्याच राजवटीत घटना आली की सगळे नागरिक 'फिजियन', देश हा एकच मतदारसंघ, खण बंद. खण पुसले कुणी, तर बंदुकीने आलेल्या माणसाने. आणि २०२२ च्या निवडणुकीनंतर पंतप्रधान झाले कोण, तर राबुका. २०२३ ला त्यांनी १९८७ बद्दल जाहीर माफी मागितली. माझ्या ऑफिसातल्या मित्राला विचारलं, काय वाटलं? म्हणाला, "माफ किया, लेकिन घर तो हमार हियाँ है अब." १९८६ ला भारतीय निम्म्याच्या आसपास होते, २००७ ला ३७-३८ टक्के.

आता मुद्द्याचं. फिजीत ८० टक्क्यांहून जास्त जमीन इतौकेई कुळांच्या मालकीची, विकता येत नाही. भारतीय शेतकरी खंडाने कसणारा. आणि सैन्य जवळजवळ पूर्ण इतौकेई. घटनेत काहीही लिहा, बंदूक आणि जमीन एकाच खणात असेल तर मतपेटीतून येणारं उत्तर ज्याला पटत नाही त्याच्या हातात ते फिरवायचं साधन आहेच.

खाडीपलीकडे

काका, माझ्या मनातलं बोललात. आता माझं मत मांडतो.

मॉरिशसला भूमिपुत्र नाही. डच आले तेव्हा बेटावर माणूसच नव्हता, डोडो पक्षी होते, तेही संपवले. फ्रेंच, आफ्रिकी, मलागासी (मादागास्करचे), भारतीय, चिनी सगळे बाहेरून आले. कुणी मालक होऊन, कुणी साखळदंडात, कुणी करारावर अंगठा उठवून. त्यामुळे 'ही आमच्या बापजाद्यांची भूमी, तुम्ही पाहुणे' हे वाक्य तिथे कुणाला म्हणताच येत नाही. कुणी म्हणालंच तर पुढचा विचारतो, तुझं जहाज कुठलं? पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटावर काळ्या दगडाच्या पायऱ्या आहेत. १८३४ पासून साडेचार लाखांवर गिरमिटिये त्या बेटावर उतरले. तिकडे ल मॉर्नचा डोंगर, पळालेले गुलाम लपायचे तो. दोन्ही आज जागतिक वारसा यादीत, २००६ आणि २००८. दोन्ही बाजूंना आपापलं दुःखाचं ठिकाण आहे, पण 'मूळचे आम्ही' म्हणायला ठिकाण नाही.

दुसरं, सैन्य नाही. पोलिसांच्या हाताखालचं एक निमलष्करी दल आहे तेवढंच. उठाव करायचा म्हटलं तरी कुणी करायचा?

तिसरं म्हणजे पैसा एकाकडे आणि मतं दुसऱ्याकडे. साखरेचे मळे मूठभर फ्रेंच वंशाच्या घराण्यांकडे राहिले, सरकार बहुसंख्य हिंदूंकडे गेलं. पहिले पंतप्रधान शिवसागर रामगुलाम यांनी मळे सरकारजमा केले नाहीत, साखरेच्या निर्यातीवर कर लावला. त्यातून पेन्शन, दवाखाने, १९७७ पासून मोफत माध्यमिक शिक्षण. १९७५ पासून युरोप ठरलेल्या चढ्या भावाने साखर घेत होता, म्हणून वाटायला काहीतरी होतं. हे नशीबही मोजायला हवं. पण तो भाव गयाना आणि फिजीलाही मिळत होता.

तिरकस_रेघ

रामगुलामांची आरती जरा जास्त झाली. १९७२ ला व्हायची निवडणूक त्यांनी १९७६ पर्यंत ढकलली, आणीबाणी लावली, विरोधकांना तुरुंगात घातलं. लोकशाही टिकली म्हणताना ही चार वर्षं कुठल्या खणात टाकायची?

खाडीपलीकडे

रास्त. उलट तोच सगळ्यात बोलका भाग आहे. ज्या गाएतां द्युवाल यांनी स्वातंत्र्याविरुद्ध रान उठवलं, त्यांनाच १९६९ ला रामगुलामांनी सरकारात घेऊन परराष्ट्रमंत्री केलं. क्रिओल समाजाची भीती निवळली, आणि किंमत म्हणून निवडणूक लांबली. समाजांतली तडजोड आणि लोकशाहीतली पळवाट एकाच सौद्यात झाली. तुरुंगात गेले ते पॉल बेरांजे आणि एमएमएमची पोरं. हा पक्ष १९६९ चा, समाज न बघता गोदी कामगार आणि मळ्यातल्या मजुरांना एकत्र आणू पाहणारा. १९७६ ला ७० पैकी ३४ जागा घेऊन तो सगळ्यात मोठा ठरला, तर रामगुलाम आणि द्युवाल यांचे पक्ष एकत्र आले. १९८२ ला मात्र त्याने मित्रपक्षासह मुख्य बेटाच्या ६० पैकी ६० जागा जिंकल्या. रामगुलाम स्वतःच्या मतदारसंघात पडले आणि मुकाट घरी गेले. मला विचाराल तर मॉरिशसची लोकशाही त्या दिवशी ठरली, १९६८ ला नाही.

(वर्षभरात तो पक्ष फुटला. बेरांजे एकीकडे, पंतप्रधान अनिरुद्ध जगन्नाथ दुसरीकडे, आणि कार्यकर्ते पुन्हा आपापल्या खणात. तेही सांगायला हवं.)

आकडेमोड

तीन जागांचा मतदारसंघ हा मुद्दा सगळेच विसरताय. मतदाराला तीन मतं, तिन्ही द्यावीच लागतात. त्यामुळे पक्ष तीनही उमेदवार एकाच समाजाचे सहसा देत नाहीत, मिश्र त्रिकूट देतात. आपल्या माणसाला मत द्यायचं तर बरोबरच्या दोघांनाही दिलं जातं. खरी समाजवार वाटणी तिकिटं वाटताना होते. खुर्च्या नंतर. २०२४ ला तिसऱ्यांदा ६०-० लागला (१९८२, १९९५, २०२४), यावरून कळेल की पद्धत किती बेफाम आहे. बेस्ट लूझर नसता तर अशा वेळी विरोधी बाकावर जवळजवळ कुणीच नसतं. म्हणून मी तरी तो काढा म्हणणार नाही.

वाकवाची_नात

नमस्कार. माझं मराठी शाळेतलं आणि मोका गावच्या महात्मा गांधी संस्थेतलं, चुका सांभाळून घ्या. माझे पणजोबांचे वडील रत्नागिरीकडून आले. गाव कुठलं ते कागदावर नीट लागत नाही, कारकुनाने ऐकलं तसं लिहिलं. घरी आम्ही क्रिओल बोलतो, म्हणजे फ्रेंचवरून झालेली इथली बोली. मराठी गणपतीला, लग्नाला आणि आजीच्या ओव्यांत. गणेश चतुर्थीला आमच्याकडे देशभर सुट्टी असते, हे तुम्हाला माहीत असेल. जाखडी अजून नाचतात, आम्ही झाकरी म्हणतो.

खाडीपलीकडे दादा, तुम्ही जे लिहिलंत ते खरं, पण बाहेरून बरं दिसतं तेवढं आतून नाही. आमच्याकडे एक शब्द आहे, 'नू बान'. म्हणजे आपली माणसं. नोकरी लागली की कुजबुज होते, त्याचे नू बान सरकारात आहेत. मंत्रिमंडळ झालं की सगळे मोजतात: मुसलमान किती, तमिळ किती, तेलुगू किती, मराठी एक तरी आहे का. आमचे मराठी लोकही मोजतात, मी पण मोजते. आम्ही दोन टक्क्यांच्या आसपास. घटनेत आमचा खण नाही, पण प्रत्येक सरकारला आमचा एक माणूस दाखवावा लागतो. तुमच्या आठ खुर्च्यांत हे कुठेच लिहिलेलं नाही.

१९६८ बद्दल आमच्या वडिलांनी सांगितलं ते एवढंच, की पोर्ट लुईत मिसळून राहणारे क्रिओल आणि मुसलमान शेजारी एका आठवड्यात वेगळे झाले. घरं बदलली. त्या गल्ल्या परत तशा मिसळल्या नाहीत. कितीतरी क्रिओल कुटुंबं ऑस्ट्रेलियाला गेली.

आणि १९९९. काया नावाचा गायक, सेगे (सेगा आणि रेगे मिळून झालेलं संगीत) गाणारा, आमच्या सगळ्यांचा आवडता. गांजाच्या कारणाने पकडला आणि २१ फेब्रुवारीला पोलीस कोठडीत मेला. चार दिवस देश जळला. मी लहान होते. आईने दुकानातून तांदूळ आणून दाराला कपाट लावलं. क्रिओल लोक म्हणत होते, साखर गेली, कापडाचे कारखाने आले, हॉटेलं आली, सगळ्यांचं भलं झालं, आमचं कुठे? हा राग खुर्चीने मिटत नाही. जनरल पॉप्युलेशनच्या जागा पुष्कळदा भरतात, पण त्या खणात गोराही बसतो.

किवी_काका

नातताई, दंडवत. बेरांजे पंतप्रधान झाले ते कसं वाटलं तुमच्याकडे?

वाकवाची_नात

काका, २००३ ते २००५. ते गोरे, फ्रेंच वंशाचे. २००० च्या निवडणुकीआधीच ठरलं होतं की तीन वर्षं जगन्नाथ, मग बेरांजे. लोक म्हणत, खुर्ची सोडणार नाहीत. सोडली. माझ्या आजीला विश्वासच बसेना. पण त्याआधी आणि त्यानंतरचे सगळे पंतप्रधान हिंदूच, आणि तुमच्या 'दोन्ही' अर्थाने नाही, त्या एकाच अर्थाने. दोन घराण्यांतले. बापानंतर मुलगा, दोन्हीकडे.

तिरकस_रेघ

मग खण काढून टाका असं तिथे कुणी म्हणत नाही का?

आकडेमोड

म्हणतात की. 'रेझिस्तान्स एक आल्टर्नातिव्ह' या डाव्या गटाचे उमेदवार अर्जात समाज लिहायला नकार द्यायचे आणि अर्ज बाद व्हायचे. ते थेट संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीकडे गेले. २०१२ ला समितीने त्यांच्या बाजूने मत दिलं: ४० वर्षं जुन्या आकड्यांसाठी माणसाला समाज लिहायची सक्ती करणं हा निवडणुकीला उभं राहण्याच्या हक्काचा भंग आहे. मग २०१४ च्या निवडणुकीपुरती सक्ती सैल केली, फक्त तेवढ्यापुरती. पुढच्या निवडणुकीला पुन्हा तेच. आता तो गट २०२४ च्या विजयी आघाडीत होता.

दोनच वाटा आहेत: नवी मोजणी करा किंवा खण बंद करा. मोजणी केली तर कोण वाढलं, कोण घटलं यावरून भांडण. खण बंद केले तर मुस्लिम आणि चिनी समाजाला धास्ती. म्हणून १९७२.

खाडीपलीकडे

नातताई, एक विचारतो, आगाऊ वाटलं तर सोडून द्या. उद्या तुम्ही उभ्या राहिलात तर अर्जात काय लिहाल?

वाकवाची_नात

दादा, मला 'हिंदू' लिहावं लागेल. मराठी लिहायची सोय नाही. माझं सोपं आहे.

माझ्या भावाची बायको क्रिओल आहे, कॅथलिक. त्यांची मुलगी नऊ वर्षांची. डिसेंबरात चर्चमध्ये गाते, भाद्रपदात आमच्याबरोबर विसर्जनाला येते आणि माझ्यापेक्षा चांगली झाकरी नाचते. घटना म्हणते राहणीवरून ठरवा. तिने काहीही लिहिलं तरी एखादा मतदार सुप्रीम कोर्टात जाऊन म्हणू शकतो की ही त्या समाजाची नाही, आणि मग न्यायाधीश ठरवणार. काल तिला गमतीत विचारलं, तू कोण? तिने विचारलं, "कोण विचारतंय त्यावर आहे. फॉर्म कुठे भरायचाय, शाळेत की चर्चमध्ये?"

आता जाते, भावाकडे आरतीच्या तालमीला बोलावलंय. ती मुलगी टाळ वाजवते आणि कुणाला हात लावू देत नाही.